साहेबांच्या तारा स्वीकारण्याबाबत

मनामा, दि. २० जून १९८२

प्रति,
श्री. महादेव शिरगावकर,
कार्मिक अधिकारी,
तेल-वायू सल्लागार कचेरी, हूरा, बहरीन.

विषय: श्री. ज्युलियन रुमाव यांच्या ध्रुवीय मुक्कामात त्यांच्या नावे येणाऱ्या तारा स्वीकारण्याचे काम अर्जदाराकडे सोपवणेबाबत.
संदर्भ: ध्रुवीय नैसर्गिक वायू बाजारात आणण्याच्या पर्यायांचा अहवाल, परिच्छेद ९.४.

महोदय,

१. अर्जदार युस्टेस तुस्कानो हा आपल्या कचेरीत सहा वर्षे टंकलेखक आहे. मुख्य अभियंता रुमाव साहेब आणि तो, दोघेही वसईचे. साहेब सुट्टीवरून परतताना अर्जदाराच्या आईने, फ्लोरीने, दिलेली लोणच्याची बरणी घेऊन येत आणि निम्मी स्वतःच संपवत. त्याबद्दल तक्रार नाही.

२. फेब्रुवारीत सदर अहवालाची घाई सुरू झाली. बर्फाखालचा वायू नळाने आणावा, द्रवरूप करून बर्फफोड्या जहाजांमागून आणावा, जागेवरच मिथेनॉल करून आणावा, की आहे तिथेच राहू द्यावा, असे चार पर्याय होते. साहेब रोज मत बदलत आणि अर्जदार रोज पाने बदलत असे. दि. ९ रोजी वसईहून तार आली, आई अत्यवस्थ, ताबडतोब ये. साहेबांनी ती आपल्या खणात ठेवली. दि. १३ रोजी अहवालाचे शेवटचे पान हाती पडल्यावर त्यांनी तार दिली व म्हणाले, "आधी दिली असती तर तू गेला असतास, युस्टेस. गॅस कुणासाठी थांबत नाही." आईला दि. ११ लाच पुरले होते.

३. त्याच शेवटच्या पानावर साहेबांचा निष्कर्ष होता, की चौथा पर्याय उत्तम, वायू आणखी वीस वर्षे खुशाल थांबू शकतो. अर्जदाराने ते पान पुन्हा वाचले आणि त्याचे डोके फिरले.

४. परिच्छेद ९.४ मध्ये एका योग्य अभियंत्याने पूर्ण हिवाळा जागेवर राहून नोंदी घ्याव्यात असे होते. अहवाल सहीला देण्यापूर्वी तिथे अर्जदाराने साहेबांचे नाव घातले, हे तो नाकारत नाही. सही करताना साहेब चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाहीत, मग वाचणे दूरच. आता ग्राहक कंपनी बेहद्द खूश आहे. तिने तिथल्या बर्फात साहेबांसाठी ऑक्टोबर ते मार्च खोली राखून ठेवली आहे. नाव बदलले तर पुढचे काम हातचे जाईल, म्हणून मोठे साहेब काही ऐकून घेत नाहीत. ज्यांना कचेरीतला एसी सोसत नाही ते रुमाव साहेब परवा अर्जदाराच्या टेबलाशी उभे राहून, दुरुस्तीचे पत्र टाइप कर, अशी विनवणी करत होते. अर्जदाराने मसुदा घेतला आणि खणात ठेवला. फेब्रुवारीनंतर प्रथमच त्याला जेवण गोड लागले.

५. होईल ती शिक्षा अर्जदाराला मान्य आहे, फक्त ती मार्चनंतर व्हावी. रजाही नको, आता घरी जायची घाई उरलेली नाही. विनंती एवढीच, की साहेबांच्या तारा अर्जदाराच्या हाती द्याव्यात. साहेबांच्या मातोश्री सिसिलियाबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याविषयी तार आल्यास अर्जदार ती नीट जपून ठेवील आणि साहेबांच्या नोंदींचे शेवटचे पान टाइप होताच, त्याच दिवशी, त्यांना पोहोचती करील.

आपला, अद्याप कामावर असलेला,
युस्टेस तुस्कानो

सोबत:
१. तार, कचेरीच्या दि. ९ फेब्रुवारीच्या आवक शिक्क्यासह.
२. ग्राहक कंपनीच्या टेलेक्सची प्रत.
३. दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा, टाइप न केलेला.