भिकूचा पाय आणि माझं कृपादान

पेण,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय प्रविण यास वनिताताईचा प्रभूच्या नावात सलाम.

तुला आता अख्खं रोहा 'पाळकसाहेब' म्हणतं, तेव्हा 'अहो' लिहावं की 'अरे', यावर दोन कागद फुकट गेले. शेवटी ज्याचं नाक मी माझ्या परकराला पुसलंय त्याला 'अरे'च लिहायचं ठरवलं. पाकिटावर मात्र 'आदरणीय' घातलंय, पोस्टमनसाठी. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? आमच्या भावजयीची, दिशाची, मान? (तिला सांग, उशा बदलून काही होत नाही, मोबाइल खाली ठेवावा लागतो.) इकडे आम्ही बरे. तुझ्या दाजींची कंपनीतली शिफ्ट बदलली, त्यामुळे आता ते दिवसा घोरतात, एवढाच काय तो फरक.

पत्राचं कारण तुझं वडखळचं प्रवचन. मे महिन्यात पेण-रोह्याच्या मंडळ्यांची एकत्र सभा होती, आठवतं ना? तू सव्वा तास कृपादानांवर बोललास. कुणाला शिकवण्याचं दान, कुणाला दया करण्याचं, कुणाला रोग बरे करण्याचं, कुणाला अन्य भाषा बोलण्याचं, कुणाला खरे-खोटे आत्मे ओळखण्याचं. दानं निरनिराळी पण देणारा एकच, आणि विश्वासणाऱ्यांत रिकाम्या हाताचा कुणीच नाही, असं म्हणून तू टेबलावर हात आपटलास. (पेला पडला तो मीच उचलला.) मग सत्तर प्रश्नांचा छापील तक्ता वाटायला दिलास. ज्या दानापुढे गुण जास्त, ते आपलं. आमच्या मंडळीतल्या अपेक्षाला, म्हणजे शाळेत शिकवते ती, जेमतेम सत्तावीस वर्षांची, चार दानं निघाली. मला सगळीकडे सारखेच, सात-सात. तुला विचारलं तर म्हणालास, ताई, प्रार्थना कर. प्रार्थना केली, पण नुसतं बसून राहणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. तीस वर्षं या मंडळीच्या चटया झाडतेय मी. तक्त्याला कळत नसेल तर एकेक दान करून बघायचं आणि सापडेपर्यंत थांबायचं नाही, हे मी परतीच्या एसटीतच ठरवलं.

सुरुवात शिकवण्यापासून केली. संडे स्कूलच्या पोरांना दाखला दिला की मंडळी म्हणजे एक शरीर, कुणी डोळा, कुणी हात, कुणाशिवाय कुणाचं चालत नाही. इथवर ठीक होतं. पण पोरं विचारायला लागली, मग अमकी काकू कोण, तमका काका कोण. मी उत्साहात वाटणी करत गेले. सेक्रेटरी विशालभाऊंना पोट म्हटलं. (मला म्हणायचं होतं की पोटामुळे सगळ्या शरीराला बळ मिळतं. ते सांगायच्या आत घंटा झाली.) त्यांच्या मुलीने घरी जाऊन बातमी दिली. विशालभाऊ दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत आणि प्रीतिभोजनात त्यांनी फक्त काकडी खाल्ली. शिकवणं माझं नाही हे मी मान्य केलं.

मग अन्य भाषा. आतल्या खोलीत दार लावून, डोळे मिटून, मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि तोंडाला येईल ते येऊ दिलं. काय येत होतं मला सांगता येणार नाही, पण शेजारच्या हौसाकाकूंना ते भिंतीपलीकडून ऐकू गेलं. त्या पापड लाटत होत्या. त्यांना वाटलं, मला फेफरं आलं. मागच्या दाराने शिरल्या, माझं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि फोडलेला कांदा नाकाशी लावला. मी 'नाही, नाही' म्हणतेय, तर त्या म्हणतात, "गप गो, शुद्ध येतेय तुला." तुझे दाजी घोरायचे थांबून दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ही रागावली की नेहमीच असं बोलते. त्या दिवसापासून तो नाद सोडला.

इथपर्यंत तू हसला असशील, हस. पुढचं वाचताना हसू नकोस.

आपल्या मंडळीत भिकू आणि चिमा येतात, गागोद्याकडच्या वाडीवरून. मजुरी करतात, मागच्या चटईवर बसतात, फारसं बोलत नाहीत. जुलैत भिकूच्या पायात खिळा गेल्याचं कळलं. मला वाटलं, देवाने दार उघडलं. टमटमने गेले, शेवटचा चिखल चालत तुडवला. भिकू ओट्यावर बसला होता, पाय फडक्यात बांधलेला. मी फडकं सोडूनही बघितलं नाही, प्रविण. वरूनच हात ठेवला आणि प्रार्थना केली, एकदा नाही, तीनदा, आणि प्रत्येक वेळी विचारलं, बरं वाटतंय ना? पहिल्यांदा त्याने पायाचं फडकं सारखं केलं. दुसऱ्यांदा चिमाकडे बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "व्हय बाय, बरा वाटतंय." मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, तू बरा झालास, आता शंका धरायची नाही, ऊठ. तो उठला. दुसऱ्या दिवशी लावणीला गेला, ढोपरभर चिखलात. मी पेणला येऊन तक्त्यावर 'निरोगी करण्याचं दान' याच्याभोवती लाल पेनाने गोल काढला.

पाचव्या दिवशी दुपारी चिमा माझ्या दारात आली, पायी. घरात यायलाही तयार नव्हती. म्हणाली, "त्याचा पाय काला परलाय. वास येतो. आता काय करू सांग."

मी चपलासुद्धा उलट्यासुलट्या घातल्या. दाजींना झोपेतून उठवलं, कुणाची तरी गाडी मागितली, भिकूला पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून लगेच अलिबागला. त्याला साखर निघाली, कितीतरी वर्षांची, कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून खिळ्याचं दुखणंही त्याला फार जाणवलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी केसपेपरची घडी घालत बसले. भिकूच म्हणाला, "चुकलं सायेब, माझंच." दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

एकोणीस दिवस मी आणि चिमा त्या वॉर्डात होतो. मी डबा आणायचे, केसपेपर सांभाळायचे, नर्सशी भांडायचे आणि मग तिच्यासाठीही चहा आणायचे. एके दिवशी भिकूला विचारलं, खोटं का सांगितलंस रे? तो म्हणाला, "तू येवढी लांबून चिखलातनं आली. तीनदा इचारलास. नाय कसा म्हनू?" चिमा पंख्याने वारा घालत होती. थांबली नाही, फक्त म्हणाली, "मना ठावा व्हता तो खोटा बोलतो. तुलाही नुसती हौस हाय, हेबी ठावा व्हता."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"मना कोनी इचारला?"

प्रविण, वडखळला चिमाही होती, पण तो तक्ता वाटला तेव्हा तिला दिलाच नव्हता. तिला वाचता येत नाही म्हणून अपेक्षाने पुढच्याला दिला आणि मी बघत होते. आत्मे ओळखायचं दान म्हणून तू ज्यावर वीस मिनिटं बोललास, ते मागच्या चटईवर बसलेलं होतं. माझा लाल गोल मी खोडला आहे. माझं दान अजून सापडलेलं नाही, सापडेल. पण आता शोधताना आधी चिमाला विचारणार आहे.

दिशाला आशीर्वाद. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घे, प्रवचनानंतर नाही.

तुझी,
वनिताताई

ता. क. भिकूच्या पायाचं खरं काय ते फक्त मला, भिकूला, चिमाला आणि आता तुला माहीत आहे. मंडळीला वाटतं की मी धावपळ करून भिकूचा पाय वाचवला. विशालभाऊंनी (ते आता बोलतात) जाहीर केलंय की माझं दान 'दया' हे आहे, आणि येत्या रविवारी शाल देऊन माझा सत्कार ठरवलाय. मी चार वेळा सांगायला गेले, चारही वेळा त्यांनी त्याला नम्रता म्हटलं.

पुन्हा ता. क. तर तू ये. शालीच्या आधी मला पाच मिनिटं दे. खिळा, प्रार्थना, तीनदा विचारणं, सगळं मी उभं राहून सांगणार आहे, आणि मग चिमाला पुढे बोलावणार आहे. पुढच्या रांगेत बस. मी रडायला लागले तर गाणं सुरू करू नकोस. मला पूर्ण करू दे.

आणखी एक. तुला विचारायचं राहिलं, पण प्रमुख पाहुणे म्हणून तुझं नाव छापून झालंय, आणि त्या रविवारी पाळक नाहीत असं तुझ्या रोह्याच्या मंडळीला मी काल फोनवर कळवलंय. सकाळची पहिली एसटी धर.