तिखटाची बरणी

प्रतापनगर, बडोदे
४ मार्च १९९६

तीर्थरूप आईस,
निरूचा नमस्कार. आधीच सांगते, हे ठीक आहेत, आज खिचडी मागून खाल्ली. दादाला धावत पाठवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

मी डभोईला नणंदेकडे गेले असताना वर्कशॉपच्या फाटकाशी ह्यांच्या हाताला कुत्रं चावलं. ह्यांनी तुझाच उपाय केला. जखमेत तेल-तिखट भरून फडकं बांधलं. "आईंनी गावात कितीजणांना बरं केलंय," म्हणे! दोन दिवसांनी मी येऊन ते सोडलं, तर आत लाल चिखल, पू आणि खवट तेलाचा वास.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "आ शुं, अथाणुं भर्युं छे?" लोणचंच दिसत होतं ते! कोणाचा उपाय, हे मी सांगितलं नाही. कितीतरी वेळ त्या साबणाने धूत होत्या. मग घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध थेट जखमेत टोचलं. लसही सुरू केली, पण तिचा गुण यायला वेळ लागतो, तोवर रेबीजला हे औषधच अडवतं. "पण उशीर झालाय," असंही त्या म्हणाल्या.

कुत्रं मेलं. हे पाणी प्यायला लागले की मी घशाकडे बघत बसते.

फडताळातली ती बरणी आजच उकिरड्यावर ओत. कोणी आलं तर साबण दे आणि दवाखान्यात हाकल. तुझ्या हातून बरे झाले ते सांगायला आले, आई. जे आलेच नाहीत, त्यांची चौकशी आपण कधी केली?

बाबांच्या पाया पडते. तुझ्यावर मात्र रागावलेली,
निरू