वीस नंबरचा रकाना

सोमवार, ४ मार्च

आज सतरा नंबरची मुलाखत रेकॉर्डरवर ऐकून उतरवून झाली. बाईंचा नियम — बोलणं जसंच्या तसं लिहायचं. खोकला आला तर खोकला. माणूस गप्प बसला तर तेही, किती सेकंद ते कंसात. नाव कुठेच नाही, फक्त नंबर.

सव्वीस वर्षं कागद कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होतो. माणसं किती वाजता आली, गेली ते लिहायचो. आता ती किती वेळ गप्प बसली ते लिहितो. कारखाना बंद होऊन नऊ महिने झाले.

बाई विद्यापीठातल्या, समाजाचा अभ्यास करतात. वाचनालयाची मागची खोली घेतली आहे. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "बंद पडला, माणसं घरी बसली. यात अभ्यास कसला?" म्हणाल्या, "बंद पडला ते वर्तमानपत्रात येतं. त्यानंतर घरात लोक एकमेकांशी काय बोलायचं टाळतात, ते कुठेच येत नाही. मी ते शोधते."

मग आमच्याच घरी या, असं तोंडावर आलं होतं.

बुधवार, ६ मार्च

साडेसातला डबा घेऊन निघालो, नेहमीसारखा.

अप्पांना, माझ्या वडिलांना, कारखाना बंद झाल्याचं माहीत नाही. एकतीस वर्षं ते त्याच कारखान्यात कागदाच्या लगद्याच्या टाकीवर उभे होते. आता डोळे गेलेत, खाट सुटत नाही. डॉक्टर म्हणाले होते, धक्का नको. तेव्हा ही म्हणाली, "आठवडाभर डबा घेऊन जा, मग बघू." त्या आठवड्याचे नऊ महिने झाले.

परतलो की अप्पा माझा हात दोन्ही हातांत धरतात, चेहऱ्याजवळ नेतात. "झाली पाळी?" "झाली." म्हातारपणी माया वाढते म्हणतात. देवापुढे हात जोडतो, पण डोळे मिटायचा धीर होत नाही.

शनिवार, ९ मार्च

अठरा नंबर — बॉयलरवाला, पाळीची शिट्टी द्यायचा म्हणून आमचा 'शिट्टी'. बाई विचारतात, काय बदललं? "पूर्वी बायको विचारायची, घरी कधी येणार. आता विचारते, बाहेर कधी जाणार." दोघं हसतात. मग (शांतता — अकरा सेकंद). हसू सहज लिहिलं. अकराचा आकडा घालताना हात थांबला.

मंगळवारी बाई अप्पांनाही भेटून आल्या. जुन्या दिवसांचं विचारा, बंदचं नाव काढू नका, एवढीच माझी अट होती. "मी नाव काढलं नाही," म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

बाईंनी एकोणीसनंतर एकदम एकवीस दिला.

"वीस?"

"तो मी उतरवेन. तुम्ही सोडून द्या."

वहीत वीसपुढे रकाना मोकळा. मी आयुष्यात मोकळा रकाना सोडलेला नाही. खाडा तर खाडा, पण मांडायचा.

गुरुवार, १४ मार्च

बाई बाहेरगावी. रेकॉर्डर टेबलावर होता. वीस लावला. सवयीने लावला, असं लिहिणार होतो. ते पुरतं खरं नाही.

अप्पांचा आवाज. आधी टाकी, मुकादम, जुन्या गमती. मग आपणहून —

"बंद आहे हो तो. पोरगा घरी आला की मी त्याचा हात हुंगतो. लगद्याचा वास आंघोळीनेही जात नाही, फाटकावरच्या माणसालाही धरतो. नऊ महिने झाले, वास नाही."

"मग त्यांना तसं सांगत का नाही?"

(शांतता — सतरा सेकंद.)

"सांगितलं तर सकाळी उठून जाईल कुठे? घरी बसलेला माणूस खचतो, बाई. मी आहे म्हणून त्याला रोज घराबाहेर पडावं लागतं. तेवढाच उपयोग उरलाय माझा. त्याला कळू देऊ नका."

म्हणजे माझीच अट, त्यांनीही घातलेली. आणि मी ज्याला माया समजत होतो —

सगळं उतरवलं. जसंच्या तसं. शेवटी त्यांचा खोकला आहे, तोही.

शुक्रवार, १५ मार्च

बाईंनी वही उघडली, वीसचं पान पाहिलं. "मी त्यांना शब्द दिला होता." मला मान वर करता आली नाही. एकाच घरातल्या दोघांनी त्या बाईला शब्दात बांधलं, आणि एकाने तो चोरून मोडला.

"हे मी पुस्तकात घेणार नाही," म्हणाल्या.

डबा तसाच परत आणला. हिने उघडून पाहिला, परत झाकण लावलं.

शनिवार, १६ मार्च

संध्याकाळी अप्पांनी हात नाकाशी नेला.

"शाईचा वास येतोय. महिना झाला."

माझं जुनं पेन गळतं.

"कुणाची हजेरी मांडतोस आता?"

"सगळ्यांची."

"माझी मांडलीस?"

(शांतता — बावीस सेकंद.)

"मांडली, अप्पा."