हिंदीत सांगितलेलं दुखणं

आई,

माझं हृदय चांगलं आहे. ते पहिल्यापासून चांगलंच होतं आणि हे तुला माहीत होतं. एवढंच तुला सांगायचं होतं, पण एवढंच लिहून पेन खाली ठेवता येत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. दवाखान्याबाहेर तू बोललीस तो आवाज मात्र न थांबता ऐकू येतो.

मी सातवीत होते. आपल्या रेल्वे क्वार्टरच्या मोरीत अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, छातीवर, सुपारीएवढी. दाबली की दुखायची. उजवीकडे तसं काही नव्हतं, म्हणून मी जास्तच घाबरले. त्याच वर्षी मागच्या लाइनीतल्या फायरमनची बायको छातीत गाठ होऊन गेली होती, हे मी मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं. काही दिवस मी कुणाजवळ बोलले नाही. मग एका सकाळी तू शेगडी फुंकत बसली होतीस, तेव्हा मागे उभी राहून म्हणाले, "आई, मला इथं काहीतरी झालंय." तू वळून पाहिलंस. हात न लावता पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते मला तेव्हाही दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावण्याचं माझं वय नव्हतं. पदराने डोळे पुसत तू म्हणालीस, "पळतेस फार तू. उद्या दवाखान्यात जाऊ."

मी पळायचे, हे खरं आहे. तेवढं एकच मला चांगलं येत होतं. दादा मालगाडीवर गार्ड होते. बीना जंक्शनहून परत आले की अंगावरचा कोळशाचा भुगा धुवायच्या आधी मला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर न्यायचे, शिट्टी फुंकायचे आणि मी सुटायची. "आली आमची मेल!" असं ते बापाच्या कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शाळेतल्या खेळाच्या बहनजींनी त्या थंडीत लखनौच्या सामन्यांसाठी माझं नाव दिलं होतं. त्यासाठी हाफपँट शिवून घ्यायची होती. त्यावर तू काही बोलली नव्हतीस. तू गप्प राहिलीस म्हणजे तुला चालतंय, असं मी धरून चालले.

रेल्वेच्या दवाखान्यात तेव्हा औषधाची बाटली आपणच घरून न्यायची असे. तू बाटली उकळून घेतली होतीस. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून माझी छाती तपासली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "खून कम है इसका. बिटिया, तुम बाहर बैठो." मी बाहेरच्या लाकडी बाकावर बसले. पडद्यामागून त्यांच्या हसण्याचा आवाज आला, मग तुझा, हलका. मला बरं वाटलं. हसतायत म्हणजे मी मरणार नाही. कंपाउंडरने बाटलीत लाल औषध भरलं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवली, आणि तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळा होता. तू हात धरून मला बाजूला नेलंस आणि म्हणालीस, "हृदय नाजूक आहे म्हणाल्या. वाढीच्या वयात ताण पडला तर बंद पडतं. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, जिना सावकाश चढायचा."

"आणि गाठ?"

"ते त्याचंच आहे," तू म्हणालीस. आणि दोन पावलं गेल्यावर थांबून, "हे आपल्या लोकांत बोलायचं नाही. कळलं?"

आपले लोक म्हणजे लक्ष्मी गेटजवळची, सिविल लाइंसमधली, बाहेर गुरसराय गावातली मराठी घरं. झाशीत आपण मूठभर. सोयरीक करायची तर ग्वाल्हेर, सागर, इंदूर. मुलीच्या दुखण्याची बातमी आधी तिकडे पोचायची. हे मला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. तेव्हापासून माझं दुखणं फक्त हिंदीत होतं. शाळेत तू बहनजींना हात जोडून सांगून आलीस. शेजारी सांगितलंस, दूधवाल्याला सांगितलंस. मी रस्त्याने जरा भरभर निघाले की शेजारची बुंदेली काकी ओट्यावरून ओरडायची, "काए बिन्नू, हौले चलियो!" मैदानावर बहनजी म्हणायच्या, "अरे भई, तुम बैठो, सीटी बजा दो बस." मुली पकडापकडी खेळताना मला वळसा घालून पळायच्या. एक तर हातभर लांब उभी राहून म्हणाली, "इसको मत छूना, काँच की है, टूट जाएगी." सगळ्या हसल्या. माझ्याशी त्यातल्या त्यात चांगली वागणारी मुलगी म्हणाली, "तेरे तो मज़े हैं, पी.टी. से छुट्टी." मी शिट्टी वाजवत राहिले.

आणि हळदीकुंकवाला तूच आपल्या बायकांत सांगायचीस, "धडधाकट आहे हो. साधा ताप म्हणून येत नाही हिला." मी तिळगुळाचं तबक धरून शेजारी उभी असायची. माझी मान खाली जायची. मला वाटायचं, आई माझ्यासाठी एवढं खोटं बोलते. घरी आल्यावर मी तुझे पाय चेपून द्यायची, आठवतं? तू म्हणायचीस, आज काय एवढं. मराठीत तू खरं बोलत होतीस, आणि मी त्याच खऱ्याला खोटं समजून तुझे उपकार मानत होते.

काही महिन्यांनी उजव्या बाजूलाही तशीच गाठ आली. मला वाटलं दुखणं पसरलं. तुला सांगितलंही नाही, औषध मात्र एक डोस जास्त घेतलं. पुढे पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा तू मला बाजूला बसवलंस, जुन्या लुगड्याच्या घड्या दिल्यास आणि म्हणालीस, हे सगळ्यांनाच होतं. मी विचारलं, "माझ्या हृदयाला झेपेल?" तू तोंड फिरवलंस. मला वाटलं तू रडतेयस. आता मला माहीत नाही तू काय करत होतीस. तो एक क्षण होता जेव्हा तुला सांगता आलं असतं. दार बंद होतं, दोघीच होतो. तू म्हणालीस, "झेपेल. पण पळायचं नाही."

माझी उंची वाढत गेली, अंग भरलं, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या आणि गेल्या. बाकीच्या मुली आरशापुढे उभ्या राहायच्या, लाजायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. मी माझ्या अंगाकडे सरकारी क्वार्टरकडे बघावं तशी बघायची. राहायला दिलंय, पण खाली करायचा हुकूम कधी येईल नेम नाही. कुणी हसवलं तर जोरात हसायची नाही. राग आला तर गिळायची. गप्प मुलगी, शांत मुलगी म्हणून सगळे कौतुक करत. तो माझा स्वभाव होता की तुझं औषध, हे मला अजून सांगता येत नाही.

दादांनाही तू तेच सांगितलंस. त्यांनी शिट्टी परत पेटीत ठेवली ती माझ्यासाठी कधी काढली नाही. माझं दप्तर ते उचलायचे. स्टेशनच्या पुलावर अर्ध्यात थांबून म्हणायचे, "थांब गं, कुठलं इंजिन आहे बघू." ज्या माणसाने जन्म इंजिनांत काढला, ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिन कळायचं, तो कठड्याला टेकून उभा राहायचा, मला दम घेता यावा म्हणून. ते गेले तोपर्यंत तसेच माझ्या पुढे सावकाश चालत होते. तू त्यांनाही सांगितलं नाहीस.

ग्वाल्हेरला माझं लग्न झालं. थोड्याच महिन्यांत मला राहवेना. एवढ्या चांगल्या माणसाला फसवून कसं राहायचं, असं वाटून मी ह्यांना सांगितलं. हे उठून बसले आणि म्हणाले, "हे आधी सांगायला नको होतं?" सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फसवलं की झाशीवाल्यांनी." मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, आणि म्हणाले, "कुछ नहीं है इनको. किसने कह दिया?" तेव्हा सासूबाईंनी तुला बोलावून घेतलं. दादा लाइनवर होते, तू एकटीच पॅसेंजरने आलीस. मला केवढा धीर आला होता. आता आई सांगेल, कुठल्या डॉक्टरीणबाई, काय म्हणाल्या, सगळं.

तू बाहेरच्या खोलीत चहाचा कप धरून बसली होतीस. तू म्हणालीस, "असं कुणी कधी म्हटलंच नाही हो. हिलाच वाटतं. लहानपणापासून भित्री आहे, कशाचंही दुखणं करते." मी तुझ्याकडे पाहत होते. तू कपाकडे पाहत होतीस.

त्या घरात ते वाक्य माझ्या नावाला चिकटलं. धाकटीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असेल, वाटत असेल हिला." हे उठून टांगा आणायला गेले, पण तेही सावकाशच उठले. आणि यापेक्षा वाईट एक गोष्ट झाली. हळूहळू मीही तुझ्यावर विश्वास ठेवला. तो बाक, ते लाल औषध, ते "त्याचंच आहे", हे माझ्याच मनाचं असेल असं मला वाटायला लागलं.

तुझ्या तेराव्याला मावशीने मला माझी आठवण परत दिली. जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. तुझ्या गोष्टी निघाल्या. मावशी म्हणाली, "ताई हुशार हो मोठी! ही घोडी मैदानात पळायची आणि इंजिन शेडमधली पोरं भिंतीवर बसून बघायची. ताई म्हणाली, नको पळू म्हटलं तर पोर रुसेल, तिचे वडील तिच्याच बाजूचे. मी म्हटलं, हार्ट सांग. हार्टपुढे कोण बोलतंय!" सगळ्या हसल्या. एकीने मला कोपरखळी मारली, "आणि तू खरं मानलंस?" मीही हसले. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

भिंतीवरची पोरं मलाही दिसत होती, आई. मी त्यांच्यासाठी पळत नव्हते. तू म्हणाली असतीस, तू आता वाढते आहेस, लोक बघतात, मला भीती वाटते, तर मी भांडले असते, जेवले नसते. कदाचित पळणं सोडलंही असतं. पण ते मी सोडलं असतं. ती गाठ म्हणजे वाढणारी छाती होती. कुणाची एका बाजूने आधी येते, दुखते, मग दुसरी येते. माझ्या थोरलीला मी हे मेथी निवडता निवडता सांगितलं. जुडी अर्धी व्हायच्या आत सांगून झालं. ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. मी ती मेथी धरून बसून राहिले. एवढंसंच होतं ते?

तुला समजून घ्यायचा प्रयत्न मी केला आहे. तुझं लग्न झालं तेव्हा तू माझ्या त्या वयाचीच होतीस. तुला कुणी काही सांगितलं नसेल. आपल्याकडे दुखण्याबद्दल कितीही बोलता येतं आणि अंगाबद्दल काही बोलता येत नाही. लाजेपोटी बाकाजवळ जे बोललीस ते मी एकवेळ सोडून देईन. चहाचा कप धरून बोललीस ते सुटत नाही. तिथं लाज नव्हती. तिथं तुला तुझी अब्रू आणि मी यातलं एक निवडायचं होतं.

हे तुला पोचवायला पत्ता नाही. असता तरी मी पाठवलं नसतं. तू वाचून बाजूला ठेवलं असतंस आणि म्हणाली असतीस, कशाचंही दुखणं करते.

पण एक गोष्ट राहिली. गेल्या हिवाळ्यात धाकटीला भोपाळच्या गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले होते. गाडी हलली आणि तिचा फोन माझ्या हातातच राहिला. मी पळाले. या वयात, साडी वर धरून, डब्याच्या बरोबरीने पळाले, आणि फोन तिच्या हातात दिला. ती दारातून ओरडली, "मम्मी, आप तो दौड़ती हो!" गाडी गेली. मी बाकावर बसले. छाती धाडधाड उडत होती. शेजारी गाठोडं घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "काए जिज्जी, का हो गओ?" आणि मी म्हटलं, "कुछ नहीं, बचपन से हार्ट कमजोर है हमारा." विचार न करता म्हटलं. ती चटकन सरकली, मला टेकायला जागा दिली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आपली पाण्याची बाटली उघडून पुढे केली. मी तिला खरं सांगितलं नाही. पाणी संपेपर्यंत तिचा हात पाठीवर राहू दिला.