बाबांचा वर्ग

दादा,

काल फोनवर तू पुन्हा विचारलंस, "प्रवेश परीक्षेसाठी क्लास लावतेयस ना?" मी म्हटलं, "बाबा शिकवतायत की घरीच!" तुला लगेच पटलं. तुझं गणित त्यांनीच तर पक्कं करून घेतलं होतं.

खरं सांगू? महिनाभर बाबा रोज सकाळी मला तोच पहिला धडा शिकवतायत. फळा पुसून हौसेने म्हणतात, "चला, आज श्रीगणेशा!" आधी मी आठवण करून द्यायचे. पण ते इतके कावरेबावरे व्हायचे, की आता मी मुकाट्याने पुस्तक उघडते.

आज मात्र शिकवता शिकवता ते थांबले. "तू कुणाची गं? नवीन आलीस वाटतं?"

मी म्हटलं, "हो, सर."

"बस. घाबरू नकोस, पोरी. माझ्या हाताखालचं कुणी आजवर नापास झालेलं नाही."

क्लासचे प्रवेश उद्या बंद होतील. तुला हे कळलं, तर तू मला ओढत तिकडे नेशील आणि फळ्यासमोर ते एकटेच उभे राहतील. म्हणून हे पत्र टाकत नाही. परीक्षा तर हातची गेलीच आहे. उद्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसेन.

तुमचं शेंडेफळ