दादाच्या मशीनचा घसारा

मंगळ., ३ जून
छापखान्यातल्या ऑफसेट मशीनची पुस्तकी किंमत, म्हणजे वह्यांत दरवर्षीचा घसारा वजा जाऊन उरलेली, दोन लाख छप्पन्न हजार. सीए शेख मॅडमनी आज नक्की केली. दादाला जाऊन अडीच महिने. करारानुसार त्याचे भागीदार शरदराव वहिनीला यातलं निम्मं देऊन मशीन स्वतःकडे घेणार. वहिनी म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी अठरा लाखांना घेतलं होतं ना गं?"

गुरु., ५ जून
नारायण पेठेत छापखान्यात. मशीन चालू, लग्नपत्रिका निघत होत्या. शेख मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. वीस वर्षं आयुष्य आणि शेवटी पाच टक्के भंगाराची किंमत धरून दरवर्षी सारखा घसारा लावला असता तर आज पावणेआठ लाख उरले असते. दादाने घटत्या शिल्लकेची पद्धत घेतली. दरवर्षी उरलेल्या किमतीच्या पंधरा टक्के. सुरुवातीला घसारा मोठा, कर कमी. शरदराव म्हणाले, तेव्हा तो फायदा आम्ही दोघांनीही घेतला. खरंच आहे.
शेख मॅडम मशीनकडे बघत म्हणाल्या, "किंमत उतरल्याचं याला कुणी कळवलेलं दिसत नाही."


शनि., ७ जून
माझ्या जुन्या फाइलीत कराराचा कच्चा मसुदा. दादाचं अक्षर: 'भागीदार गेल्यास हिशोब पुस्तकी किमतीने व्हावा. मशीनची किंमत मात्र त्या वेळच्या बाजारभावाने.' दुसरं वाक्य लाल शाईने खोडलेलं. शाई माझी.
तेव्हा दुसऱ्या दिवशी भागीदारीची नोंदणी होती. तू पेपरात रोज बातम्या कापून बसवतेस, हेही एका पानात बसव, दादा म्हणाला. बसवलं. टंकलेला करार त्याने वाचलाही नाही. मी केलंय म्हटल्यावर…

रवि., ८ जून
वहिनीला मसुदा दाखवला, सगळं सांगितलं. तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. मग म्हणाली,
"म्हणजे ह्यांनी लिहिलं होतं."
एवढंच.  उठून चहा पुढे ठेवला.
शेख मॅडमना फोन. म्हणाल्या, सही झालेलाच कागद धरतात. खोडलेलं मानायचं की नाही, ते शरदरावांच्या मनावर. मसुदा झाला तेव्हा ते टेबलाशीच होते. आठवत असेल का, आणि आठवलं तरी…
उद्या अकराला शरदराव हिशोबाच्या कागदावर सहीला येणार आहेत. आधी मसुदा त्यांच्यापुढे ठेवणार आहे. वहिनी म्हणते, तू बोल, मी बसते शेजारी.