दिवा लुकलुकतोय तोवर

प्रिय दोन फ्रेम,

आपल्या फिल्मच्या चौथ्या मिनिटाला, तुझे बाबा शिलाई मशीनचं चाक हाताने फिरवून कान लावतात त्या शॉटवर, कॉलेजच्या सभागृहातला पडदा हिरवागार झाला. माझ्या आयुष्याचे आधीचे आणि नंतरचे असे दोन भाग करायचे तर सुरी तिथेच ठेवावी लागेल. आवाज उचकी लागल्यासारखा दोनदा तुटला, मग तोही बसला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शेतीवरची फिल्म आहे वाटतं," आणि हशा पिकला. त्या हशाने माझं टाळकं सटकलं, तू मला काडेपेटी म्हणायचीस ते उगाच नाही. मी उभा राहिलो आणि दीडशे माणसांसमोर तुला म्हणालो, "तुला फिल्मची फाईल साधी एक्स्पोर्ट करता येत नाही?" पुढेही बरंच बोललो, ते तुला पाठ असेल, मला पुन्हा लिहायची लाज वाटते. सरांनी विचारलं नक्की काय झालं, तेव्हा तू चष्मा काढलास, ओढणीने पुसलास आणि म्हणालीस, "सर, चूक माझी आहे." मी तरातरा बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की त्याच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. त्या दाराने जो गेलो तो परवापर्यंत कॉलेजात परत आलोच नाही. दोन वर्षं झाली.

आता दुपारचे अडीच वाजलेत आणि मी दुकानात बसलोय. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो फक्त कॉम्प्युटरकडे तोंड करून फिरतो, माणसांकडे नाही. न चालणारे व्हिडिओ घेऊन लोक इथे येतात. कुणाचा आवाज येतो पण चित्र नाही, कुणाचं चित्र येतं पण माणसं मुकी, कुणी फाईलच्या नावामागची शेपटी बदलली की फाईल बदलते असं समजून नुसतं नाव बदलून आणतात, म्हणजे मांजराला टॉमी हाक मारायची आणि ते भुंकत का नाही म्हणून आम्हाला विचारायचं. दुकान मावशींचं. त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत, सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं. चष्मा दोरीने गळ्यात, साठीच्या, एके काळी खांद्यावर कॅमेरा घेऊन लोकांचे समारंभ टिपत फिरायच्या. पहिल्याच दिवशी मी एका अडकलेल्या फाईलला शिवी हासडली, तर म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. फाईलने कधी कुणाचं मुद्दाम वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. माणसांचं सांगत नाही." आणि दुसरा नियम त्यांनी सांगितला तो असा, की गिऱ्हाईक 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं' म्हणालं की समजायचं, यानेच केलंय. या नियमावर मी दोन वर्षं मनापासून हसलो.

तीन आठवड्यांपूर्वी काउंटरवर तुझे बाबा येऊन उभे राहिले. मी मागच्या खोलीत पळणार होतो, पण त्यांनी मला आधीच पाहिलं होतं. काकांनी झालेलं-गेलेलं काढलं नाही. खिशातून सुयांची डबी काढली, डबीतून आपला लाल पेनड्राइव्ह काढला, तोच, बॉबिनचा दोरा बांधलेला, आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "ही फिल्म लागत नाही. लावून दे." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगी चालली. मोठ्या स्टुडिओत संकलनाचं काम मिळालंय तिला. जायच्या आधी, तिने माझ्यात काय बघितलं होतं ते मला एकदा बघायचंय. तिच्या शेजारी बसून." मी विचारलं, तिला माहीत आहे का? तर म्हणाले, "तिला माहीत असतं तर तिने मला इथे येऊ दिलं असतं का? आणि ती सोबत आली असती तर तू इथे थांबला असतास का?" काका मशीन दुरुस्त करतात तसेच बोलतात. एकच स्क्रू, पण नेमका.

मी फाईल उघडली. खरं सांगतो, तुझी चूक सापडेल अशीच माझी खात्री होती, इतकी की मावशींना हाक मारून म्हटलं, बघा, एक्स्पोर्ट गंडलंय. मावशींनी चष्मा चढवला. फाईलचा आकार बघितला, पूर्ण होता. मग ती आतून उघडून बघितली. चौथ्या मिनिटापर्यंत सगळं ठीक, आणि तिथून शेवटपर्यंत नुसती शून्यं. घर बांधलंय, दारं-खिडक्या आहेत, पण आत जमीनच नाही असं. मावशी म्हणाल्या, "एक्स्पोर्टची चूक अशी दिसत नाही रे. एक्स्पोर्ट चांगलंच झालं होतं. ही उपटलेल्या पेनड्राइव्हची चूक. पडद्यावरची पट्टी भरली की लोकांना वाटतं झालं, पण आत लिहिणं चालूच असतं. दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नसतो. कुणातरी उतावळ्याने ओढून काढलाय." मग माझ्याकडे बघून, "कुणी ओढला, माहितीये?" मी म्हटलं, मी काहीच नाही केलं. आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला तुझा आवाज ऐकू आला. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, तुझ्या घरी, मामेबहिणीचा तो गळ्यापर्यंत भरलेला लॅपटॉप. जागा नाही म्हणून तू मूळ चित्रण आधीच पुसलं होतंस. मी फिल्म पेनड्राइव्हवर घेत होतो, आणि शहाण्यासारखं कॉपी करायचं सोडून कट करून घेतली, कारण तेवढीच जागा मोकळी होईल. तू चहा गाळत होतीस, तिथून म्हणालीस, "दिवा बंद होऊ दे रे." आणि मी म्हणालो, "झालंय गं!" आणि ओढला. ऐकू तेव्हाच आलं होतं. आठवायला दोन वर्षं लागली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो. मावशींनी पंखा माझ्याकडे फिरवून ठेवला.

म्हणजे तुला माहीत होतं. सभागृहात मी तुझ्यावर ओरडत होतो तेव्हाही. आणि तू चष्मा पुसत होतीस.

शून्यांतून चित्र परत येत नाही, ते मावशींनाही जमत नाही. मी काकांना तसं सांगायला गेलो, तर त्यांनी मशीनखालचा खण उघडला. त्यात पट्टे, पाय, नाड्या, आणि सगळ्यांच्या तळाशी त्यांचा तो फुटक्या काचेचा फोन, ज्यावर आपण सगळं शूटिंग केलं होतं. आपण क्लिप लॅपटॉपवर घेतल्या आणि फोन विसरलो. काका विसरले नव्हते. "यातलं मी काही पुसत नाही," म्हणाले, "पुसायचं कसं ते मला येतच नाही." एकशे अठ्ठावीस क्लिप निघाल्या. तुझी फिल्म त्यात कुठेच नव्हती आणि सगळी त्यातच होती.

मग मी ती परत जोडायला बसलो. रोज काम संपल्यावर नाही, कामाच्या मधेच. मावशी म्हणाल्या, हेही कामच आहे. तुझी कात्री कुठे पडली होती ते मला आठवत होतं, कारण दोन वर्षांपूर्वीचे ते तीन आठवडे मी पडद्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होतो. तू जिथे श्वास रोखायचीस तिथे कट. आणि प्रत्येक कटनंतर तुझं ते "अजून दोन फ्रेम काढ", ज्यावरून तुझं नाव पडलं. दोन फ्रेम म्हणजे डोळ्याची अर्धी पापणी, आणि त्यावरून मी तुझ्याशी किती भांडलोय! आता एकटाच बसून लावून बघत होतो. खरंच दोन फ्रेम जास्त असतात गं. प्रत्येक वेळी.

अडचणी काय थोड्या आल्या? काकांचा हातोडा पडायचा आणि टक् आवाज नंतर यायचा, शेवटाकडे तर काकांचे ओठ आधी हलायचे आणि बोलणं मागाहून ऐकू यायचं. फोन आपल्या मर्जीने कधी सेकंदाला तीस फ्रेम घेतो, कधी सत्तावीस, आणि आवाज बिचारा सरळ चालतो, म्हणून दोघांची चुकामूक होते. सगळ्या क्लिप आधी एका चालीच्या करून घेतल्या, सेकंदाला पंचवीस, मग पुन्हा जोडल्या. तुझ्या घरच्या टीव्हीवर लावून बघायला मी काकांनाच पाठवलं, तू बाजारात गेल्यावर. पहिल्या दिवशी परत आले ते हिरमुसून. "आवाज येतोय, पण मी दिसत नाही. मला वाटलं, मी गेलो की काय." नव्या जातीची फाईल तुमच्या जुन्या टीव्हीला वाचता येत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दिसले, पण लांबोडके. "चेहरा ठीक आहे, पण एवढा उंच मी कधीच नव्हतो." तिसऱ्या दिवशी तक्रार नव्हती. नुसता अंगठा वर केला, डोळे पुसले आणि म्हणाले की मशीनचं तेल डोळ्यात गेलं. आज जी फाईल निघतेय ती शेवटची. तुझे कट पुन्हा एकदा तपासून, दोन-दोन फ्रेम काढून. मावशींचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, बारा मिनिटांच्या फिल्मला पाऊण तास घेतो. मला उठायची परवानगी नाही, बटणं दाबायचीही नाही. हातांना काहीतरी हवं म्हणून हे पत्र.

एक सांगायचं राहिलं. क्लिप नंबर एक्याण्णव. त्या दिवशी तू फोन टेबलावर उपडा ठेवलास आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस. चित्र नाही, नुसता अंधार, आणि मागे मशीनचा आवाज. मी नुकताच निघून गेलो असणार, कारण दाराचा आपटलेला आवाज आहे. तेव्हाही मी आपटतच होतो. मग काका विचारतात, "हा रोज येतो तो फिल्मसाठी?" तू म्हणतेस, हो. "फिल्म किती मिनिटांची?" "बारा." "आणि हा तीन आठवडे येतोय." मग नुसतं मशीन चालत राहतं. आणि मग तू म्हणतेस, "बाबा, त्याच्या चहात दीड चमचा साखर घालत जा. विचारलं की नको म्हणतो." बस, एवढंच. ती क्लिप मी फिल्ममध्ये घातलेली नाही, स्वतःकडेही घेतलेली नाही. फोनवर होती तिथेच आहे. तुझी आहे. पण ऐकली, हे लपवत नाही. एकदाच नाही ऐकली, हेही लपवत नाही.

परवा कॉलेजात जाऊन आलो. सरांसमोर उभं राहून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी चूक तिची नव्हती, माझी होती. सर म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती. ज्याची चूक नसते तो एवढा ओरडत नाही." मग म्हणाले, दाराची काच अजून तशीच आहे, जाताना बघून जा. बघितली. वर कुणीतरी चिकटपट्टी लावलीय. मी तिथूनही असाच निघालो होतो, दिवा लुकलुकत असताना. शिक्षणाची उरलेली दोन वर्षं परत भरता येतात का ते सरांना विचारलंय. ते बघतो म्हणालेत.

पट्टी भरली. आता पेनड्राइव्हवर जातेय, आणि या वेळी कॉपी करून. दिवा लुकलुकतोय. म्हणून आता खरं काय ते लिहितो. फिल्मसोबत चिठ्ठीची गरज नव्हती, काका पाच वाजता तुला टीव्हीसमोर बसवणारच आहेत, आणि उद्या सकाळी तू जाणार आहेस. पण तोंड उघडलं की मी भांडतो, तुला ठाऊक आहे. म्हणून लिहून आणतोय. दार काकांनी उघडलं तर पेनड्राइव्ह त्यांच्या हातात देईन. तू उघडलंस तर आधी हे पत्र, आणि तुझं वाचून होईपर्यंत मी जिन्यात उभा राहीन, गप्प. मला माफ कर, दीडशे माणसांसमोर जे बोललो त्याबद्दल आणि तू माझी चूक स्वतःवर घेतलीस त्याबद्दलही. थांब म्हणायला येत नाहीये. तू जा, तिथे सगळ्यांच्या दोन-दोन फ्रेम काप. शेवटच्या पाटीवर संकलन म्हणून फक्त तुझं नाव आहे. माझं मी 'फाईल बिघडवणारा' असं टाकणार होतो, मावशींनी खोडलं. वाचून झाल्यावर मला आत घे किंवा दार लावून घे, पण फिल्म आत गेली पाहिजे. आणि काकांचा अंदाज बरोबर होता. बारा मिनिटांच्या फिल्मसाठी कुणी तीन आठवडे येत नाही.

दिवा विझला. मी आणखी दहापर्यंत मोजले. पेनड्राइव्ह काढला, दोऱ्याने मनगटाला बांधला. मावशी पुढे पेंगताहेत, म्हणून निघताना दुकानाचं दार हळूच ओढून घेतोय. आवाजसुद्धा येणार नाही.

तुझाच, या वेळी थांबलेला,
काडेपेटी